फोन जमा, माहितीही जमा

विद्यार्थ्याच्या हाती मोबाइल असावा की नसावा, याबाबत आपल्या शिक्षणव्यवस्थेचं धोरण अगदी स्पष्ट आहे. सकाळी नसावा, संध्याकाळी असावा. वर्गात फोन सापडला की जप्ती होते, पालकांना बोलावणं जातं. आणि त्याच रात्री वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गृहपाठ येऊन पडतो, सोबत गूगल फॉर्म: ‘उद्या दहाच्या आत भरणे.’

केरळात कोळिकोडजवळच्या चेलन्नूरमधल्या महाविद्यालयानं वेळा उलट्या ठेवल्या होत्या. २०१९ मध्ये तिथल्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करण्याचा नियम निघाला. हेतू उदात्त: मुलींनी अभ्यास करावा. अभ्यासाचं निम्मं साहित्य त्याच फोनवर येतं, ही किरकोळ बाब. बीएच्या एका विद्यार्थिनीनं फोन द्यायला नकार दिला, तेव्हा तिलाच वसतिगृहाबाहेर काढलं. वडील मुलीला दटावतील अशी व्यवस्थेची अपेक्षा असावी. ते तिच्या पाठीशी उभे राहिले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, मुलीला परत घ्या. अठरा वर्षांची मुलगी देशाचं सरकार निवडू शकते. स्वतःचा फोन स्वतःजवळ ठेवायला मात्र उच्च न्यायालय गाठावं लागलं.

आपण तरी कुठे मागे आहोत? यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामसभेनं २०२२ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना मोबाइलबंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. यातलं वडगावचं पटतं. तिथे भोंगा थोरांसाठीही वाजतो.

पण फोन काढून घेणारे एका परीनं साधे लोक. कपाटात ठेवतात, कुलूप लावतात, विषय संपला. यंत्र स्वतःहून हाती देतात, त्यांच्याकडे नीट पाहावं. कारण ते आधीच आपल्याकडे पाहत असतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लोअर मेरियनच्या शाळांनी सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. कौतुक झालं. लॅपटॉप चोरीला गेला तर शोधता यावा, म्हणून त्यात एक सोयही होती: शाळेत बसून कॅमेरा चालू करता येई आणि दर पंधरा मिनिटांनी फोटो निघत. मुलांना आणि पालकांना हे सांगायचं तेवढं राहून गेलं. एके दिवशी सहायक मुख्याध्यापिकेनं एका मुलाला बोलावून घरातल्या गैरवर्तनाबद्दल जाब विचारला. पुरावा म्हणून लॅपटॉपनंच टिपलेला फोटो. मुलाच्या कुटुंबाचं म्हणणं, शाळेला ज्या अमली पदार्थाच्या गोळ्या वाटल्या, त्या ‘माइक अँड आइक’ होत्या. म्हणजे आपल्याकडच्या लिमलेटचे भाऊबंद. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. शाळेच्याच चौकशीत छायाचित्रं आणि स्क्रीनची चित्रं मिळून सुमारे ५६,००० नग निघाले. त्यात अंथरुणात झोपलेला मुलगाही होता. तंत्रविभागातल्या एका ईमेलमध्ये या चित्रांना टीव्ही मालिकेची उपमा दिलेली सापडली. उत्तरादाखल आपल्याला ती फार आवडते, असा अभिप्रायही होता. शाळेनं ६ लाख १० हजार डॉलर मोजून तडजोड केली. फौजदारी गुन्हा कोणावरही दाखल झाला नाही. हेतू शुद्ध होता ना!

आपल्याकडे एवढा छुपा कारभार नसतो, सगळं उघड्यावर असतं. ‘दीक्षा’ अॅपचंच घ्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की मूल जिथे पोचतं, ते हे अॅप. जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आलं, की त्याची दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती क्लाउडवर बिनकुलपाची पडून होती. वर्षाहून अधिक काळ. वसतिगृहाच्या कपाटाला निदान कुलूप तरी असतं.

आता ‘अपार’ आलंय. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक, आधारशी जोडलेला. संमतिपत्र ऐच्छिक आहे, असं सरकार सांगतं. शाळेचा निरोप मात्र बहुधा ‘सही करून उद्याच पाठवा’ असा असतो. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्येच बजावलं होतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल ठरवलं आणि मुलांवर ऑनलाइन पाळत ठेवायला बंदी केली. टाळ्या वाजवण्याआधी नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियमही वाचावेत. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाळत ठेवायची असेल, तर शिक्षणसंस्थांना या बंदीतून सूट आहे. आता शिक्षण आणि सुरक्षितता सोडून शाळा तिसरं कुठलं कारण सांगणार?

तेव्हा पालकहो, पुढचा फॉर्म आला की सही करण्याआधी शाळेला तीन गोष्टी विचारा: ही माहिती कुठे राहणार, कोण बघणार, आणि पोरानं शाळा सोडली की कधी पुसणार. उत्तर लेखी मागा. आणि फॉर्म भरायला बसाल तेव्हा पोरालाही शेजारी बसवा. माहिती त्याची आहे.