वेष उतरवा, तराजू द्या

एका बालवर्गाच्या 'आपले मदतनीस' कार्यक्रमाला गेलो होतो. चार वर्षांचा पोस्टमन मंचावर आला. भाड्याचा खाकी सदरा, बाह्यांना तीन-तीन घड्या, टोपी पार डोळ्यांवर. "मी पोस्टमनकाका. मी पत्रं आणतो," इतकं म्हणाला आणि पुढचं विसरला. आई खालून ओठ हलवून सांगत होती. पोरगं रडकुंडीला येऊन उतरलं. नंतर मी त्याला जवळ घेऊन विचारलं, "पत्र म्हणजे काय रे?" त्यानं खांद्यावरची रिकामी पिशवी उघडून दाखवली.

त्याच्यामागून डॉक्टर आले, पोलीस आले, पायलट आले, सैनिक आले. कचरा नेणारी मावशी कुणीच झालं नाही. चपला शिवणारे काका नाहीत, गटार उपसणारा दादा नाही. वेष घरच्यांनी निवडलेले होते. आपण मोठ्या माणसांनी त्या मंचावर मुलांना न बोलता शिकवून टाकलं, की काही माणसं 'व्हायची' असतात आणि काहींकडे बघायचंसुद्धा नसतं. मला याचा राग येतो. ज्या वयात हातातला झाडू सोडवताना पोर भोकाड पसरतं, त्या वयात आपण त्याला झाडूची लाज शिकवतो.

बरं, हे सगळं कुणी आधी विचारात घेतलं नव्हतं असंही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, दादरला त्यांनी शिशुविहार चालवला आणि 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंखशिंपले, बिया, काड्या, पानं, माती, जे भोवती होतं तेच साधन झालं. तरीही वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. 'अंगणवाडी' शब्दातलं अंगण ते आहे. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. तिचं नावच कुरणशाळा. आज अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर.

अंगणात बसलेल्या पोराला समाजाचा तक्ता लागत नाही. समोर कुणी धान्य पाखडतंय, कुणी कूड सारवतंय, कुणाची शेळी सुटलीय आणि तिच्यामागे सगळी आळी धावतेय. ते बघायचं, त्यात लुडबुडायचं आणि मग मातीत बसून तेच खेळायचं. एवढंच तर शिक्षण आहे त्या वयाचं. आपण अंगण काढून घेतलं आणि त्या जागी प्लास्टिकचा तक्ता टांगला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला, खेळातून शिकण्यावर भर दिला. फार चांगलं केलं. पण दप्तरातलं वर्कबुक अजूनही विचारतं, 'जोड्या लावा: डॉक्टर, शेतकरी, शिंपी'.

जोड्या नका लावू. गिरणीवर न्या.

खरंच, पाच-सहा मुलं घेऊन पिठाच्या गिरणीवर जाऊन बघा. पट्ट्यापासून लांब उभं करा, पण उभं करा. कानात घरघर, नाकात पिठाचा वास, काकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. गरम पीठ एकेकाच्या तळहातावर द्या. दुसऱ्या दिवशी वर्गात चार रिकामे डबे आणि एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि ताईंनी गप्प बसावं. मुलं डबे रांगेत लावतील. 'माझा नंबर आधी' यावरून भांडण होईल. कुणीतरी 'जाडं दळा, भाकरीचं आहे' असं आजीच्या आवाजात म्हणेल. रांग, पाळी, दुसऱ्याच्या डब्यात आपलं पीठ मिसळू न देणं, हा नागरिकशास्त्राचा पहिला धडा तिथं आपोआप होतो. क्रम मात्र सोडू नका: आधी खरं बघणं, मग खेळ, मग पुन्हा एकदा तिथंच जाणं. दुसऱ्या फेरीत मुलं प्रश्न विचारतात. पहिल्या फेरीत नुसती डोळे फाडून बघतात.

दुकान-दुकान खेळायला डब्यांची दोन झाकणं, सुतळी आणि एक काठी पुरे. चिंचोके तोला, कागदाची पुडी बांधा. जड पारडं खाली जातं हे शिकवावं लागत नाही. पोस्टमन शिकवायचा तर मुलाच्या हातून पोस्टकार्डावर चित्र काढून घ्या, स्वतःच्याच घरचा पत्ता घाला, उचलून धरून पेटीत टाकायला लावा. मग दाराशी वाट बघू द्या.

आणि कचरा नेणारी मावशी. बालवर्गात रोज वर्गीकरणाचा खेळ चालतो: लाल मणी इकडे, पिवळे तिकडे. मावशी तुमच्या इमारतीखाली तेच काम करते, आयुष्यभर करत आलीय. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 पासून आहे. मावशीला एक दिवस वर्गात खुर्ची द्या, त्या वेळेचा मोबदला द्या. धुतलेल्या बाटल्या, बुचं, पुठ्ठे, रद्दी समोर ठेवा. कागद आणि पुठ्ठा वेगळे का ठेवायचे, हे तिच्याइतकं नेमकं कोण सांगणार? घरी गेलेलं पोर त्या रात्री ओला कचरा आणि सुका कचरा एकत्र टाकू देणार नाही.

दिवाळीतला किल्ला आठवा. पायथ्याशी गाव, गावात विहीर, शेतात पेरलेले हळीव, बाजारात उभा केलेला भाजीवाला, जो मावळ्याच्या दुप्पट उंच असायचा. धाकट्यांना चिखल तुडवायचं काम. कोणतं घर कुठं, पाणी कुठून, वाट कुणाच्या दारावरून, हे सगळं चिखलात हात घालून ठरायचं. आता तयार किल्ला विकत मिळतो. तो आणू नका. इमारतीच्या कोपऱ्यात दोन पाट्या माती टाकून द्या, फरशी घाण झाली तर धुता येते.

स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि वेषाचं भाडं मागणारी चिठ्ठी यंदाही येईल. त्या चिठ्ठीच्या मागे ताईंना लिहून पाठवा: वेष नको, मुलांना गिरणीवर नेऊ, सोबतीला मी येते, मी येतो. जमलं नाही तर रविवारी सकाळी तुम्हीच पोराला घेऊन निघा. डबा जड असेल, तरी एका बाजूनं त्याला धरू द्या. आणि काकांचं नाव त्याला विचारू द्या. तुम्हालाही ते माहीत नसेल, तर दोघांनी मिळून विचारा.