चोरीच्या चाळीस वाटा

वाशीमच्या आमच्या गल्लीत दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच. चहाचा कप आणि गावातली खबर, दोन्ही सहज पलीकडं जातात. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आयकलं का बाई? आमच्या भाऊजीले काढलं न सोसायटीतून. चौदा वर्सं सेक्रेटरी होते. नवे लोक निवडून आले, अन् पयल्याच मिटिंगीत घरी पाठोलं."

"चौदा? मग मॅकियाव्हेलीशी बरोबरी झाली."

"कोन तो? रिसोडचा का?"

"इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. 1498 पासून 1512 पर्यंत तिथल्या सरकारात सचिव. आधी सत्तेवर असलेलं मेदिची घराणं परत आलं आणि याची नोकरी गेली. वर कटात नाव आलं म्हणून हात मागं बांधून दोरीनं वर ओढायचे आणि हिसक्यानं खाली सोडायचे."

"अव माय!"

"सुटला तो शेतावर जाऊन राहिला. दिवसा रस्त्याकडच्या खानावळीत खाटीक, गिरणीवाला यांच्यासोबत पत्ते कुटायचा, दिडकीवरून भांडायचा. संध्याकाळी मात्र चिखलाचे कपडे उंबऱ्यात काढायचे, दरबारी पोशाख चढवायचा आणि जुन्या ग्रंथांपुढं बसायचं. 1513 च्या डिसेंबरात मित्राला पाठवलेल्या पत्रात त्यानंच हे लिहिलंय. 'द प्रिन्स' त्याच बैठकीतलं. राजानं चांगलं वागावं, हे सगळेच सांगतात. हा म्हणतो, वेळ पडली तर वाईट वागताही आलं पाहिजे."

"हे सांगाले पुस्तक काहून लागते? आमच्या सोसायटीत या म्हना. मंग, भेटली का नोकरी परत?"

"पुस्तक मेदिचींनाच अर्पण केलं, पण जुनी खुर्ची काही मिळाली नाही. 1527 मध्ये गेला. पुस्तक छापलं 1532 मध्ये."

काकूंचे हात थांबले नव्हते. मला मात्र आता गावची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

"आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. त्यांचा ताम्रपट इथंच सापडला, 1939 मध्ये. या घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरून घेतलं. हरिषेणामागं राज्य बुडालं. कसं, ते संस्कृत लेखक दंडीच्या 'दशकुमारचरिता'त आहे, असा इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचा तर्क. दंडीनं नावं बदललीत, पण राजा विदर्भाचाच. तरणाताठा अनंतवर्मा, नाचगाण्यात हुशार. म्हातारा मंत्री वसुरक्षित म्हणतो, बाबा, दंडनीती शीक, राज्य चालवायचं शास्त्र. राजाला पटतंही. तेवढ्यात विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या तोंड उघडतो."

"असा एक पायजेच."

"तो म्हणतो, महाराज, ते शास्त्र शिकलेल्याचे हाल पाहा. सकाळी उठून जमाखर्च ऐकायचा, आणि ऐकता ऐकताच कारभारी दुप्पट लांबवतात. चाणक्यानं चोरीच्या चाळीस वाटा मोजल्यात, हे त्याच्या हजार करतात. मग लोकांची भांडणं. जेवायला बसावं तर विषाची भीती, ती अन्न जिरेपर्यंत जात नाही. झोप नावालाच."

"खोटं काय बोलला पन?"

तिथंच तर गंमत आहे. विहारभद्राचं भाषण म्हाताऱ्याच्या उपदेशापेक्षा कितीतरी रंगतं, आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. मला तर दंडी इथं मॅकियाव्हेलीपेक्षा तिखट वाटतो.

"मग शेजारच्या अश्मकाच्या राजानं आपल्या मंत्र्याचा पोरगा पाठवला. बापानं घराबाहेर काढलं, असं नाटक करून. पोरानं राजाला पटवलं, शिकार म्हणजे व्यायाम, चरबी झडते. जुगारानं मन घट्ट होतं. दारूनं चिंता जाते. बघता बघता दरबार तसाच झाला. वनवासी नावाच्या राज्याच्या राजानं चाल केली, अनंतवर्मा मेला. लुटीवरून बाकीच्या राजांत भांडणं लावून अश्मकानं सगळं एकट्यानं गिळलं."

"अन् त्या म्हाताऱ्याचं?"

"राणीला आणि दोन लेकरांना घेऊन निघाला. वाटेत तापानं गेला."

काकूंनी ओंजळभर सोले भिंतीवरून माझ्या ताटलीत ओतले. थोडा वेळ बोलल्याच नाहीत.

"आमचे भाऊजीबी आता टपरीवर बसतात दिवसभर."

"पत्ते खेळतात?"

"खेळतात न. पन संध्याकाळी कपडे काही बदलत नाई."