रथसप्तमीपासून नक्की

एक जानेवारीचा संकल्प तीन तारखेला मोडला, की लंडनच्या माणसाला पुढच्या एक जानेवारीपर्यंत हात चोळत बसावं लागतं. बिचाऱ्याच्या पदरात वर्षाला एकच नवं वर्ष. आपलं तसं नाही. पंचांगानं मराठी माणसाला इतक्या सुरुवाती देऊन ठेवल्या आहेत, की एक हुकली तर दुसरी दारात उभीच असते.

सूर्यनमस्कारांचंच घ्या. या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. नमस्कारांचा नव्हे, संकल्पाचा. रोज बारा घालायचे, एक जानेवारीपासून, असं ठरतं. पण ही तारीख आपली नव्हेच, हे त्या दिवशी सकाळी पांघरुणात असताना मला तीव्रतेनं जाणवतं. माझा स्वाभिमान एरवी फारसा आड येत नाही, थंडीत मात्र येतो. मग संक्रांत धरायची. सूर्यच रास बदलतोय, तेव्हा त्यालाही सोयीचं. पण संक्रांतीला गुळाची पोळी, पोळीवर तूप, आणि एवढा ऐवज पोटात घेऊन जमिनीवर पालथं पडायचं म्हणजे पोळीचा अपमान. शिवाय मागून रथसप्तमी येतेच आहे. ती तर खुद्द सूर्याची. त्या दिवशी शाळांच्या मैदानांवर पोरं रांगेनं नमस्कार घालतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी राजेपण सांभाळून या व्यायामाचा आयुष्यभर प्रचार केला. राजाला वेळ मिळाला, मला मिळत नाही. प्रजेला कामं फार असतात.

रथसप्तमी गेली तर पाडवा. तो खरा आपला. पाडवा गुढी उभारण्यात आणि श्रीखंडात गेला, तर पंधरवड्यात हनुमान जयंती. बलोपासनेला याहून चांगला दिवस कोणता? अक्षय्य तृतीयेला मात्र मी जपून असतो. त्या दिवशी सुरू केलेलं कधी संपत नाही म्हणतात, आणि इतकी टोकाची जोखीम घ्यायचा माझा स्वभाव नाही. २१ जूनला जागतिक योग दिवस. त्यानंतर आषाढी एकादशी येते, देव झोपतात, ते थेट कार्तिकात उठतात. ज्यांच्यावर जग चालवायची जबाबदारी आहे ते चार महिने पडून राहणार आणि मी एकटा पाचला उठून बसणार, हे शिष्टाचारात बसत नाही. मध्ये पितृपक्ष, त्यात नवं काही करू नये. मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता यावर जाणकारांचं एकमत नाही. अर्धवट कामांसाठी वेगळा मुहूर्त असावा, ही कल्पना ज्याला सुचली तो आमच्यातलाच असणार. आणि हे सगळं हुकलं तरी एक एप्रिल असतोच. सरकारी हिशेबाचं वर्ष इंग्रजांनी १८६७ पासून त्या तारखेला बांधलं, ते अजून तसंच आहे.

आता ठरवलेलं कुठं तरी लिहून ठेवावं म्हणतात. आमच्या घरात लिहिण्याची जागा एकच, भिंतीवरचं कालनिर्णय. साळगांवकरांनी ते १९७३ साली काढलं, तेव्हा तारखांच्या चौकोनात लोक दुधाचा हिशेब मांडतील आणि सिलिंडर कधी लावला ते लिहितील, हे त्यांच्या मनात होतं की नाही कोण जाणे. मी त्याच चौकोनात नमस्कार घातल्या दिवशी बरोबरची खूण करायला लागलो. महिनाअखेरीस दूधवाल्यानं त्या खुणा जादा अर्ध्या लिटरच्या म्हणून मोजल्या. ‘फार नाही वाढलं बिल,’ हिनं पैसे देताना सांगितलं, आणि त्या वाक्यात दुधापेक्षा बरंच काही होतं.

हे पुतण्याच्या कानावर गेलं. तो हिंजवडीत एका कंपनीत आहे आणि माणसांना ध्येयं वाटणं हा त्याच्या कामाचा भाग आहे. ‘काका, ध्येय नेमकं पाहिजे, मोजता आलं पाहिजे, त्याला मुदत पाहिजे.’ जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी १९८१ मध्ये अशा पाच अटी घातल्या, तेव्हापासून जगभरच्या कचेऱ्यांत त्यांचे तक्ते लागतात. मोजण्यासारखं म्हणून मी ज्ञानेश्वरी काढली. ओव्या सुमारे नऊ हजार, दिवस तीनशे पासष्ट, म्हणजे रोज पंचवीस. पुतण्यानं एक्सेलमध्ये पत्रक करून दिलं आणि त्यात सूत्र असं घातलं, की राहिलेल्या ओव्या उरलेल्या दिवसांवर आपोआप वाटल्या जाव्यात. फार क्रूर सूत्र आहे ते. पाडव्यापर्यंत थांबलो तर रोज बत्तीस. दिवाळीचा पाडवा धरला तर पावणेदोनशे. एकतीस डिसेंबरच्या चौकोनात नऊ हजार हा आकडा लाल रंगात बसलेला आहे. शके १२१२ मध्ये हा ग्रंथ सांगून झाला तेव्हा माउली पंधरा वर्षांच्या आसपास होते आणि त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं, हे मी पुतण्याला दाखवून दिलं. तो म्हणाला, ‘काका, मग टार्गेट कमी करू या.’ या पिढीला मुद्दा म्हणून कळत नाही.

मला मुद्दा कळणारा माणूस भेटला तो थेट अमेरिकेत. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी. चालढकल करणारा माणूस आळशी नसतो, असं त्यांनी १९९५ मध्ये लिहून ठेवलं. यादीतलं सगळ्यात वरचं काम टाळायचं म्हणून तो खालची कामं हसत हसत उरकतो. तेव्हा यादीच्या डोक्यावर एखादं भव्य काम बसवावं आणि बाकीची मार्गी लावून घ्यावीत. या विचाराला इग नोबेल पारितोषिक मिळालं २०११ मध्ये, सोळा वर्षांनी. हे मला फार योग्य वाटतं. माझा स्वतःचा दाखला असा, की ज्ञानेश्वरी वर ठेवल्यापासून मी माळा आवरला, टिपकणारा नळ बदलून घेतला आणि विम्याचे कागद लावून टाकले. ही सगळी गेल्या वर्षीची ध्येयं. म्हणजे माझे संकल्प सिद्धीस जातात, फक्त एक वर्ष मागून चालतात.

घरात मात्र पेरीसाहेबांचं वजन पडलं नाही. हिनं आयुष्यात कधी संकल्प केलेला मला आठवत नाही. पूजेतला सोडून. पण तिचं वर्षाचं धान्य वेळेवर भरलेलं असतं, कैरीचं लोणचं पावसाआधी बरणीत असतं, आणि कुरडयांचे गहू एकदा भिजत पडले की तीन दिवसांनी घरात कोणाचीही मुंज असो, चीक शिजतोच. एक दिवस थांबावं म्हटलं तर गहू आंबून घरभर कळवतात. आमच्या शेजारचे आजोबा एरवी चष्मा बदलायला दोन वर्षं लावतात, पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत हजर. पालखी कोणाच्या गुडघ्यांसाठी थांबत नाही, हे त्यांच्या गुडघ्यांनाही ठाऊक आहे. माझ्या नमस्कारांना काय, मी नाही घातले तर सूर्य काही आंबत नाही.

यंदा तर मला मोठी आशा होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं पडतं, ती थकबाकी साचली की पंचांग एक आख्खा महिना मध्ये घालतं. मुदत वाढवून द्यायची पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे बघा! मी हिला म्हटलं, ‘अगं, यंदा ज्येष्ठ दोन आहेत. तुझ्या वाळवणालाही महिनाभर सवलत.’

‘अहो, ज्येष्ठ दोन आले म्हणून पाऊस महिनाभर थांबतो का?’ सोऱ्या शोधता शोधता तिनं विचारलं. ‘तो त्याचा जूनमध्ये येणार. मेच्या पहिल्या आठवड्यात कुरडया घालायच्यात. तुम्ही गच्चीवर राखणीला बसा.’

‘मी?’

‘नाही तर कोण? आणि बसल्या जागी ते नमस्कारही घाला. सूर्य समोरच असेल.’

कल्पना वाईट नव्हती. मुहूर्त बघावा म्हणून मी कालनिर्णय उलटायला लागलो. ‘पण किती वाजता सुरू करायचं?’

‘ते कावळ्यांना विचारा,’ ती म्हणाली.