पुढे दोन वर्षांनी

मी भाषणं देतो. पोटासाठी देतो. कार्यक्रमपत्रिकेत 'प्रेरक वक्ते' असं छापतात. सोसायटीत मला 'ते प्रेरणावाले' म्हणतात, म्हणजे गॅसवाले, पेपरवाले यांच्याच रांगेत. विषय ठरलेले. प्रवासाने माणूस शहाणा होतो, मराठी माणसाने धंदा करावा, आणि थोरांच्या चरित्रातून काय घ्यावं. त्या दिवशी महाप्याच्या एका कारखान्यात अकराला बोलायचं होतं. विषय : वेळेचं नियोजन. डोंबिवलीहून साडेनवाला निघालो. काटई नाका सुटला, पलावाचे मनोरे मागे पडले, आणि खिडकाळीच्या शंकराच्या देवळाजवळ गाडी जी थांबली ती थांबलीच.

पुढे शीळफाटा. कल्याणचा रस्ता तिथे येऊन मिळतो, मुंब्रा बायपासवरून कंटेनर उतरतात, पनवेलकडून ट्रेलर येतात, आणि या सगळ्यांच्या पोटातून आम्हाला महाप्याकडे निसटायचं असतं. आमच्या भागात 'शीळला अडकलोय' म्हटलं की समोरचा 'किती वेळ?' असं विचारत नाही. 'बरं' म्हणतो आणि फोन ठेवतो. कारखान्यातल्या बाईंनीही तेच केलं.

गाड्यांमधून एक मुलगा पाण्याच्या बाटल्या विकत होता. त्या रस्त्यावर वाहतूक सुटू नये असं वाटणारा तो एकटाच असावा. बाजार कुठे भरतो ते बघून दुकान तिथेच न्यायचं, हे मी स्लाइडवर बाण काढून शिकवतो. त्याने माझ्या काचेवर टकटक केलं, माझ्याकडे घरून आणलेली बाटली बघितली, आणि अर्धा सेकंदही न घालवता पुढच्या गाडीकडे गेला. वेळेचं नियोजन.

बसल्या बसल्या भाषणाची उजळणी करावी म्हणून मी मोठ्याने बोलू लागलो. चालक इथल्याच पडले गावचा, पंचविशीतला पोरगा. त्याचा चेहरा श्रोता झाल्याचा नव्हे, श्रोता व्हावं लागल्याचा होता. सुरुवात आनंदीबाई जोशींपासून. १८६५ साली इथे कल्याणात जन्मल्या, एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

"दोन महिने बोटीत?" तो म्हणाला.

"हो. नवराही बरोबर नव्हता."

"दोन महिने..." त्याने समोरच्या कंटेनरच्या नंबरप्लेटकडे बघत पुन्हा म्हटलं. चाळीस मिनिटं आम्ही तीच नंबरप्लेट वाचत होतो. माझ्या भाषणात हा सगळा प्रवास बारा सेकंदांत उरकतो, कारण टाळी न्यूयॉर्कला आहे.

मग लक्ष्मणराव किर्लोस्कर. हे माझं हुकमी पान. मुंबईत व्हीजेटीआयला ड्रॉइंगचे मास्तर. हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडलं. भावाबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा केला. तेव्हा सायकल सातशे ते हजार रुपयांना, आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे. (या पंधरा रुपयांवर हॉल हमखास हसतो.) मग लोखंडी नांगर काढला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. इथे मी आवाज खाली आणतो, मग एकदम चढवतो, "आणि पुढे दोन वर्षांनी पहिला नांगर विकला गेला! १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली!"

"मग त्या दोन वर्षांत काय केलं त्यांनी?" पोराने विचारलं.

"कशात?"

"नांगर विकला जात नव्हता तेव्हा. रोज सकाळी उठून काय करायचे?"

पंधरा वर्षं हा किस्सा सांगतोय. प्राचार्यांपुढे सांगितला, सहकारी बँकांच्या वार्षिक सभेत सांगितला, एकदा एका लग्नातही सांगितला. ती दोन वर्षं माझ्याकडे अर्ध्या वाक्यात बसलेली. त्यात कुणी उठत नाही, जेवत नाही, न खपलेल्या नांगरावरची धूळ पुसत नाही. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात पुढचा कंटेनर हलला. पोराने गियर टाकला. आम्ही साधारण एक गाडीभर सरकलो आणि पुन्हा थांबलो.

विषय बदलावा म्हणून मी बुलेट ट्रेन काढली. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, आणि तो जमिनीवर येतो तो इथे, शीळफाट्याला.

"इथे?" तो म्हणाला. मग काच खाली करून त्याने मागचा, पुढचा आणि बाजूचा रस्ता नीट पाहून घेतला. "त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

पावणेबाराला पोचलो. कामगारांना दुसरा चहा देऊन झाला होता. बाईंनी ओळख करून देताना 'वेळेचे महत्त्व जाणणारे' हे शब्द वाचले, कारण ते कागदावर होते. मी सुरू केलं. न्यूयॉर्कला टाळी पडली, पंधरा रुपयांना हशा झाला. नांगरापाशी आलो. "आणि पुढे..." म्हटलं आणि थांबलो. ती दोन वर्षं अशी भसकन टाकवेनात. शेवटच्या रांगेत माझा चालक चहाचा कप घेऊन बसला होता. तो आता नीट सरसावून बसला.

तेवढ्यात माईक गेला असं समजून साउंडवाला धावत स्टेजवर आला, माझ्या हातून तो घेतला, 'हॅलो, चेक, चेक' म्हणाला, आणि "चालू आहे, सर" असं सांगून परत गेला.