रस्सा अनलिमिटेड

श्रावण लागायच्या आधीचा रविवार. एरवी माश्या मारणारी आमच्या कोपऱ्यावरची कोल्हापुरी खानावळ दुपारी एकलाच ओसंडली. फलकावर ‘रस्सा अनलिमिटेड’. मटणाचे तुकडे मात्र चार, तेही सोनाराच्या हाताने मोजलेले.

हात धुवायची मोरी स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे आतला तमाशा फुकटात दिसला. ऐन गर्दीत 19 किलोचा सिलिंडर आचके देऊ लागला. मग त्याला गरम पाण्याच्या घमेल्यात बसवून (असं करू नये म्हणतात) उरलासुरला जीव काढून घेण्यात आला. तेवढ्यात भाकरीवाल्या मावशींनी परात पालथी घातली. ‘दोन महिन्यांचे आधी द्या.’ ‘उद्या नक्की, मावशी,’ मालक म्हणाले. उद्या श्रावण, म्हणजे गल्ल्यात खडखडाट. मावशी काय कालपरवा आल्या होत्या? त्यांनी पीठ झाकलं.

इकडे रश्श्याच्या दोन्ही पातेल्यांचा तळ दिसला. मालकांनी तांब्याभर पाणी ओतलं, वर पळीभर कट सोडला. पाचव्या तांब्याला तांबडा रस्सा गुलाबी झाला, पांढऱ्यातून वाटीचा तळ दिसू लागला.

‘साहेब, तांबडा देऊ की पांढरा?’ दोन्ही बादल्या घेऊन वाढपी उभा.

‘यातला तांबडा कोणता?’

त्याने दोन्हींत डोकावून पाहिलं आणि आत विचारायला गेला.