वाटाड्या नको!

माझा भाचा डेन्व्हरला असतो. इथं होता तेव्हा घरात कोंबडी कापलेली पाहून दोन दिवस जेवला नव्हता. आता तिकडं हरणं मारतो. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्यानं सगळं सांगितलं. आधी परवाना काढायचा, मग तंबू पाठीला बांधून चार दिवस रानात. सोबत वाटाड्या नाही. हरीण मिळालं तर मांसही आपणच पाठीवरून गाडीपर्यंत वाहायचं. वर कोलोरॅडोचा कायदा असा, की बंदुकीनं शिकार करायची तर अंगावर किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं. हरणाला तो रंग वेगळा दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो.

"सगळं स्वतःचं स्वतः, मामा. म्हणून तर स्वस्त पडतं," तो म्हणाला.

'स्वस्त' हा शब्द मी धारणीच्या चहाच्या टपरीवर नेला. आमचं मंडळ चौघांचं : गुरुजी, पोस्टमास्तर, माझे साडभाऊ आणि मी. तिघे निवृत्त. साडभाऊ एकटेच कमावते, म्हणून चहा त्यांच्या खात्यावर.

"आपल्या दारात मेळघाट असून आपण काय करून राहिलो?" साडभाऊ पेटले. "जाऊ ना भाऊ आपणही!"

"तीन ते सात वर्षं," गुरुजी म्हणाले.

"पोहोचायले?"

"आत राहायले. 1972 चा कायदा आहे. अभयारण्यात शिकार केली तर सरळ जेल."

मग शिकार डोळ्यांनी करायची ठरली. सावज सांबर. वाघाच्या मागं लागलेला माणूस खर्चात बुडतो. सांबर आपल्या ऐपतीतलं. पोस्टमास्तरांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर अंदाजपत्रक मांडलं. दुर्बीण : गुरुजींच्या मेहुण्याची, फुकट. बॅटरी : घरची. जेवण : भाकर, ठेचा आणि मुरमुऱ्याचा चिवडा, कारण वजनाला हलका, भावाला त्याहून हलका. पाचव्या ओळीवर 'वाटाड्या' लिहिलं होतं. साडभाऊंनी ते स्वतःच्या हातानं खोडलं. "काहून बे? जन्म इथं गेला आपला. आपल्याले कोण वाट दाखवते?"

चौकशी केली तेव्हा कळलं, की आपली समजूत काहीही असो, 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता, आणि तिथं मनाला येईल तिकडं पायी हिंडता येत नाही. सफारीला जिप्सी लागते, जिप्सीत वाटाड्या लागतो. राहता राहिली बुद्धपौर्णिमेची रात्र. त्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्याच्या मचाणावर बसू देतं. नावनोंदणी करा, भडक कपडे घालू नका, अत्तर लावू नका, बोलू नका. आणि सोबत? वाटाड्या. खोडलेली ओळ पोस्टमास्तरांनी खाली पुन्हा लिहिली, या वेळी शाईनं.

साडभाऊंचा अपमान झाला. तेव्हा गुरुजींनी कपाटातून फॉर्सिथ काढला. हा कॅप्टन तापीपलीकडच्या निमाडात कारभारी होता. सातपुड्यातल्या रानांवरचं त्याचं पुस्तक 1871 मध्ये निघालं. गुरुजी म्हणाले, "पुस्तकावर नाव साहेबाचं आहे. पण पायाचे ठसे ओळखणारा इथलाच गोंड नाहीतर कोरकू. त्यानं बोट दाखवायचं, साहेबानं घोडा दाबायचा. ह्या डोंगरात बिनवाटाड्याची शिकार कोणी केलीच नाही."

मचाणावर दोघांचीच जागा होती. साडभाऊ रागात, गुरुजींचे गुडघे दुखत होते. म्हणून मी आणि पोस्टमास्तर निघालो. निघताना बायकोनं चिवड्यातून दोन ओंजळी काढून ठेवल्या. "मी परतवाड्याले चालली, बहिणीकडं. वाटेत लागते."

वाटाड्या म्हणजे माझ्या धाकट्याहून लहान कोरकू पोरगा. मचाणावर चढल्याबरोबर त्यानं आमची चिवड्याची पिशवी उचलली, गमछ्यात गच्च बांधली आणि उशाला घेतली. मुरमुरा दाताखाली गेला की दोन फर्लांगावर ऐकू जातो, हे अंदाजपत्रकात कुठंच नव्हतं.

वैशाखातलं सागाचं रान उघडंबोडकं असतं. खाली पानांचा असा थर, की उंदीर गेला तरी हत्ती आल्यासारखं वाटतं. मी असे तीन हत्ती मोजले. बारानंतर चंद्र बरोबर पाण्यावर आला. पोरानं माझ्या गुडघ्यावर एक बोट ठेवलं आणि तेच बोट समोर केलं. मला एक खोड दिसलं. मग खोडाला कान आहेत की काय असं वाटलं, मी दुर्बीण वळवली, आणि त्याच क्षणी पोस्टमास्तर घोरले. बसल्या जागी झोपण्याची त्यांची कला जुनी आहे, पण सुरुवात एवढ्या वरच्या पट्टीत कधी होत नाही. समोरून 'पोंक!' असा खणखणीत आवाज आला, पानं चिरडत गेली आणि पाण्यावर एकटा चंद्र हलत राहिला.

सकाळी पोरानं चिखलातला ठसा दाखवला, खुराची दोन टोकदार बोटं. त्यात स्वतःची चार बोटं घालून तो म्हणाला, "मोठा होता." पोस्टमास्तरांनी ठशाचा फोटो घेतला आणि चौघांच्या ग्रुपवर टाकला : 'सांबर पाहिले.'

घरी आलो. बायकोही रात्रीच परतली होती.

"दिसलं का?" तिनं विचारलं. मी ठशाचा फोटो पुढं केला. तिनं चष्मा लावून पाहिला.

"मले तीन दिसले. दोन माद्या, एक पिल्लू. संध्याकाळच्या बसनं, हरिसालच्या अलीकडं. अगदी रस्त्याच्या कडेले."

2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे हिची सफारी आमची फुकटची दुर्बीण आणायच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. आणि तीही एकटीनं! मी ताबडतोब साडभाऊंना फोन लावायला घेतला : बिनवाटाड्याची शिकार होते.

"एकटी कुठची?" ती म्हणाली. "मी तर डुलक्या घेऊन राहिली होती. शेजारी कोरकू म्हातारी होती. तिनं कोपरानं ढोसलं आणि बोट दाखवलं."

"मग? काही दिलंस तिला?"

"दिला ना. दोन ओंजळी चिवडा."