मोडेमकाका

तांब्याच्या टेलिफोन-तारेवरचे इंटरनेट जिथे अधूनमधून जाते, तिथे मोडेमकाका आढळतात. नेट कधीच न जाणाऱ्या वस्तीत ते तयार होत नाहीत, कारण तिथे त्यांना काम नसते. फोन साफ मेलेल्या वस्तीतही होत नाहीत, कारण १९८ ला तक्रार नोंदवली की तिथले काम संपते. त्यांना लागते ती येणारी-जाणारी लाइन : सकाळी सुरळीत, दुपारी गायब, पाहुण्यांसमोर हमखास बंद आणि पाहुणे जिना उतरले की चालू. अशा लाइनचा गुणधर्म असा, की ती काहीही केल्याने सुरू होऊ शकते आणि काहीही न केल्यानेही होते. मोडेमकाकांचे सगळे शास्त्र या एका गुणधर्मावर उभे आहे.

या वर्गाचा उदय २००५ च्या आसपासचा. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि पुढच्या काही वर्षांत पुण्याच्या सोसायट्यांपासून सांगली-चिपळूणपर्यंत टेलिफोन-तारेवरचे हे इंटरनेट, म्हणजे डीएसएल, पोहोचले. मोडेमकाका बहुधा बँक, पाटबंधारे खाते किंवा हायस्कूल यांतून निवृत्त झालेले असतात. मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो. रविवारी संध्याकाळी तेव्हाच्या स्काइपवर नातवाचे तोंड दिसावे एवढ्यासाठी जोडणी घेतलेली असते. एके रविवारी नातू पडद्यावर गोठतो, त्याचे तोंड उघडे ते उघडेच राहते, आणि त्या घटकेला आजोबांचा मोडेमकाका होतो. पुढे नातवाशी बोलण्याचे खाते आजींकडे जाते. काका टेबलाखाली असतात.

विषयाची त्यांची समज कच्ची नसते. एकाच जोडतारेतून आवाज आणि इंटरनेट दोन्ही येतात; आवाज चार किलोहर्ट्‌झच्या खालच्या पट्ट्यात आणि इंटरनेट पंचवीस किलोहर्ट्‌झच्या वर, हे त्यांना पाठ असते. दोघांना वेगळे काढणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. तिला तीन भोके असतात : एक लाइनचे, एक फोनचे, एक मोडेमचे. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याचा विषय निघाला, की काका हे सारे प्यायच्या आणि वापरायच्या पाण्याच्या दोन पाइपांवरून समजावून देतात आणि पाण्याचा विषय पुढच्या सभेवर जातो.

त्यांची सामग्री थोडी, पण ठरलेली. टेस्टर, जुना टूथब्रश, चिकटपट्टी, बामच्या रिकाम्या बाटलीत स्क्रू, एक जादा स्प्लिटर आणि एलआयसीची डायरी. यांतली डायरी सर्वांत महत्त्वाची. तिच्यात नेट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहिलेली असते आणि कंसात कारण : ‘दु. ४.१० गेले. ४.३५ आले (अॅडाप्टर हलवला).’ ‘रा. ९.०५ गेले. ९.२० आले (वायर सरळ केली).’ ‘स. ७.४० गेले. ११.०० आले (पुसून घेतला).’ काही न करता आले, अशी नोंद या डायरीत कुठेही सापडत नाही. नेट येण्याआधी जे शेवटचे केले, तो उपाय, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

तपासणी दिव्यांपासून सुरू होते. काका मोडेमसमोर स्टूल टाकून बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि घरातल्यांना गप्प राहायला सांगतात. डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला, तर मोडेमचे एक्सचेंजशी जुळत नाही, म्हणजे दोष तारेत. तो स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा लागत नाही, तर तार ठीक. दोष युजरनेम-पासवर्डमध्ये किंवा पलीकडच्या बाजूला. दोन्ही लागले आणि तरी पान उघडत नाही, तर डीएनएस किंवा संगणक. ही विभागणी अगदी बरोबर आहे आणि कंपनीचा माणूसही याहून वेगळे काही करत नाही. फरक इतकाच, की तो मनातल्या मनात करतो. काका मोठ्याने करतात : “लागला… लागला… थांबा, कोणी हलू नका… गेला.”

दुसरी पायरी कानाची. फोन उचलून डायल टोनमागे खरखर आहे का, हे ऐकायचे. खरखर असेल तर घरातले सारे पॅरलल फोन काढायचे, स्प्लिटर बाजूला ठेवायचा आणि मोडेम थेट भिंतीवरच्या रोझेटला जोडायचा. असे केल्यावर नेट टिकले, तर दोष घरातला. न टिकले, तर बाहेरचा. रोझेट उघडला, की आत दोन स्क्रू, त्यांवर हिरवट गंज आणि कोपऱ्यात मुंग्यांचा संसार दिसतो. टूथब्रशचे काम इथे पडते. दोष घरातला निघाल्यास तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो : आतल्या खोलीतल्या फोनची जोडणी स्प्लिटरच्या अलीकडून घेतलेली असते, त्यामुळे घंटी वाजली की नेट जाते. ती जोडणी मागच्या दिवाळीत काकांनी स्वतः काढलेली असते. हा मुद्दा डायरीत ‘जुने वायरिंग’ या सदराखाली जातो.

तिसरी पायरी आकड्यांची. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचे, दोन्ही रकान्यांत अॅडमिन लिहायचे आणि मोडेमच्या पोटात शिरायचे. तिथे दोन आकडे पाहायचे असतात. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर संदेश किती उरला, हा जितका जास्त तितका बरा. सहा डेसिबलच्या खाली आला, की लाइन तुटायला लागते. अटेन्युएशन म्हणजे वाटेत संदेश किती झिजला, हा जितका कमी तितका बरा. पहिले वर्षभर काका हे आकडे उलटे वाचतात आणि अटेन्युएशन साठीच्या पुढे गेलेल्या शेजाऱ्यांचे अभिनंदन करतात. पुढे त्यांना उलगडते, की एक्सचेंज गच्चीवरून दिसत असले, तरी तार कावळ्याच्या वाटेने येत नाही. ती चौकातल्या पिलरला वळसा घालून, शाळेमागून, तीन जॉइंट खाऊन येते. पाचेक किलोमीटर तारेनंतर डीएसएलचा दम संपतो, आणि ते किलोमीटर तारेचे असतात, रस्त्याचे नव्हेत.

उष्णतेवर त्यांचा विशेष कटाक्ष असतो. मोडेम तापला की नेट तुटते, हे खरे आहे; म्हणून तो काड्यापेटीच्या चार पायांवर उभा केला जातो. मे महिन्यात घरातला टेबल फॅन मोडेमकडे वळतो आणि माणसे वर्तमानपत्राने वारा घेतात. अॅडाप्टर म्हातारा झाला की पुरेसा दाब देत नाही आणि मोडेम मध्येच नव्याने सुरू होतो, हेही खरे आहे. मात्र मोडेमचे तोंड पूर्वेला ठेवावे किंवा जोडतारेतल्या दोन तारा अदलाबदल कराव्यात, या उपायांना आधार नाही. डीएसएलला तारा कुठल्याही बाजूने लावल्या तरी चालते. पण हे दोन्ही उपाय केल्यावर एकदा नेट आलेले आहे आणि तशी नोंद डायरीत आहे.

यानंतर हेल्पलाइनचा टप्पा येतो. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणते, “सर, मोडेम एकदा बंद करून चालू करा.” काकांना हा अपमान वाटतो. “अहो ताई, पहाटेपासून तेच करतोय. तुम्ही पोर्ट रिसेट करा.” शेवटी डॉकेट नंबर मिळतो आणि तो डायरीच्या पहिल्या पानावर, नातवाच्या जन्मतारखेखाली लिहिला जातो.

लाइनमन आणि मोडेमकाका यांचे नाते हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग. लाइनमनसाठी चहा ठेवला जातो, त्याला साहेब म्हटले जाते आणि त्याच्यापुढे डायरी उघडली जाते. तो डायरी पाहत नाही.

“साहेब, एसएनआर पाचवर आलाय.”

“फोन चालू आहे ना?”

“फोन आहे.”

“मग लाइन चांगली आहे, काका.”

दोघांपैकी काकांचे बरोबर असते. आवाजाला थोडी खराब तारही पुरते. इंटरनेटला पुरत नाही. याच्या उलटेही घडते : जोडीतली एक तार तुटली, तर फोन मरतो, पण इंटरनेट कधीकधी लंगडत चालू राहते. मात्र बरोबर असून काकांना काही करता येत नाही, कारण तारांच्या जोड्या वाटणाऱ्या डीपी बॉक्सची किल्ली लाइनमनकडे असते. तो खाली जातो, दहा मिनिटांनी हाक मारतो, “पेअर बदलली, बघा आता.” नेट येते. काका तत्परतेने दाराशी ठेवलेला मोडेम परत जागेवर ठेवतात आणि नोंद करतात : ‘आले (जागा बदलली).’

पावसाळा हा या शास्त्राचा हंगाम. जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी शिरते, तारांमधले इन्सुलेशन उतरते, खरखर वाढते. त्यातच महापालिका रस्ता खोदते आणि केबलच तुटते. आषाढ-श्रावणात सोसायटीतली माणसे काकांच्या दारात उभी राहतात. “काका, आमचंही गेलंय.” काका डबी घेऊन निघतात, घरोघरी स्क्रू घासतात, काड्यापेट्या वाटतात. चार दिवसांनी ऊन पडते, जॉइंट वाळतो आणि सगळ्या सोसायटीचे नेट एकाच दुपारी परत येते. ते ज्या घरात काकांचा हात मोडेमवर असताना येते, त्या घरातून त्या संध्याकाळी नारळाच्या वड्या येतात.

नेट चालू झाल्यावर काका ते वापरत नाहीत. ते वेग तपासतात. मग पुन्हा तपासतात. मग ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी मोडेमवर चिकटवतात आणि कामवाल्या बाईंना ती वाचून दाखवतात. रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोडच्या योजना होत्या, त्या काळात भाच्याने लावलेल्या सिनेमाच्या राखणीला ते दोन वाजता उठत. आठला पाच कमी असताना मोडेम बंद करण्याचा गजर लावलेला असे. सिनेमा कोणता आहे, याची त्यांनी कधी चौकशी केल्याचे आढळत नाही.

या वर्गाला उतार लागला तो फायबरमुळे. काचेच्या धाग्यात पाण्याने खरखर होत नाही, अंतराने वेग फारसा झिजत नाही, स्प्लिटरची डबी नसते, हिरवा गंज नसतो. दोष आला की संदेश हरवल्याचा, म्हणजे एलओएसचा, दिवा लाल होतो आणि धागा जोडणारे यंत्र घेऊन माणूस येईपर्यंत लालच राहतो. असलेले नेट असते, गेलेले गेलेले असते. मध्ये बसून हलवण्यासारखे, पुसण्यासारखे किंवा पूर्वेला वळवण्यासारखे काही उरत नाही. डायरीची पाने कोरी जाऊ लागतात.

तरीही मोडेमकाका नामशेष झालेले नाहीत. फायबर बैठकीच्या खोलीपर्यंत येतो. शेवटच्या खोलीत जायचे ते वाय-फायने, दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीत अडतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा दूर जातो, पण त्यात शेजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. त्यामुळे शेवटच्या खोलीतले नेट सकाळी येते, दुपारी जाते आणि कपाटाचे दार उघडले की कधीकधी परत येते. काकांनी नव्या वर्षाची डायरी मागवली आहे.